पकापुन्यलचा जागेवाला

मुसफ्फा शाबिया, अबू धाबी
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्युड,

तुला माझा आणि डॅडींचा आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तूही तिकडे मजेत असशील. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मजेत कोण आहे ते पुढे वाच.

क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून लिहितेय. शुक्रवारी नमाजाच्या वेळेला पेशंट नसतात. शेजारी नौशीन बसलीय, नेलपॉलिश खरवडत. मला म्हणते, "दीदी, व्हॉट्सॲप के ज़माने में चिट्ठी?" तिला काय सांगू? तू भरती झाल्यावर पहिल्या ट्रेनिंगला त्या कपूकाच्या कॅम्पात होतास तेव्हा तुमचे फोन काढून घेतले, म्हणून पत्रं सुरू झाली. आता फोन मिळालाय, पण या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी बोलू कुठे? डॅडी बातम्या बघत असले तरी त्यांचे कान माझ्याकडे असतात. आणि तू "येस ममा, नो ममा" याच्यापुढे जात नाहीस. त्यापेक्षा हे बरं. शाळेत हिंदी घ्यायला लावलं तेव्हा केवढा थयथयाट केला होतास! आज त्याच हिंदीच्या जोरावर आईचं मराठी वाचतोयस. अडखळत वाच, पण पूर्ण वाच.

गरमी अजून आहेच. लिफ्ट दोनदा बंद पडली. सुरमई पंचेचाळीस दिरहम किलो झाली, म्हणजे आपले हजाराच्या वर. डॅडी म्हणाले, एवढ्या पैशात वसईला अख्खी टोपली यायची. मी म्हटलं, हो, आणि आणायला तूच जायचास ना, सायकलवरून! टेसा दुबईहून, अल बर्शाहून, रविवारी आली होती. तिला सगळं माहीत आहे, पण ती हात वर करून मोकळी. "ममा, धिस इज युअर मेस," म्हणाली आणि माझं पोर्क इंद्यालचं अर्धं भांडं घेऊन गेली.

आता डॅडी.

तू ऑस्ट्रेलियाच्या आर्मीत आहेस हे त्यांना माहीत नाही, हे आपण तिघांनी ठरवलेलं. खरं सांगायचं तर मी ठरवलं, तुम्ही माना डोलावल्या. तुला ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी लागलीय आणि कंपनीचं ट्रेनिंग पकापुन्यल नावाच्या गावात चाललंय, असं मी त्यांना सांगितलं. ट्रक चालवायलाच शिकतोयस, म्हणजे अगदीच खोटं नाही. मला वाटलं, एवढं वाकडं नाव दोन दिवसांत विसरतील. तीस वर्षं संसार केला या माणसाशी आणि एवढीही अक्कल आली नाही मला!

कारण डॅडींना नाव म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. यार्डात नवीन माणूस आला की स्टोअरमधून हेल्मेट देण्याआधी हे विचारणार, गाव कुठलं? आणि मग, गावाला ते नाव का पडलं? बिचारा बिहारचा पोरगा, पहिल्या दिवशी घाबरलेला, त्याला काय ठाऊक! मग हे त्याला सांगणार, आईला फोन करून विचार. आणि पोरं खरंच विचारतात. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर जहूर तर म्हणतो, हिलरीसाबमुळे माझ्या बापाशी दोन वर्षांनी बोललो.

तर आता पकापुन्यल. "काय नाव आहे ब्रिजिट! तोंडात गोळी फिरवल्यासारखं वाटतं." सेंट पॉल्स चर्चला मिस्सा संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून चार माणसांना ऐकवलं, माझा ज्युड पकापुन्यलला असतो. ती माणसं म्हणाली, अच्छा अच्छा. त्यातल्या एकाने जरी फोन काढून ते नाव टाकलं असतं ना, तर तिथेच खलास! पहिल्याच फोटोत रणगाडा येतो. मी टाकून बघितलंय.

"हे इंग्रजांचं नाव नाही," घरी येताना म्हणाले. "हे तिथल्या मूळ लोकांचं असणार. आपल्याकडे जसे वारली. त्यांनी ठेवलेलं नाव अजून टिकलंय बघ. शोधायला पाहिजे."

मी म्हटलं, "शोधून काय करायचंय? तिथे का घर बांधायचंय?"

पण तुला सांगते, ते का शोधतायत ते मला कळलं. तुला आठवतं, या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. सामान यायच्या आधी डॅडींनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं, दारात टाइल्सवर ओतलं आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणाले. वॉचमन केवढा ओरडला होता! तू विचारलंस, "डॅडी, व्हाय आर यू स्पिलिंग वॉटर?" ते सोलंकी-बिलंकी कोणी शेजारी बघत होते म्हणून मी तुला आत ओढलं.

ते त्यांच्या घरचं आहे. वसईला वाडीत विहीर खणायची, गोठा बांधायचा, तर आधी जागेवाल्याला विचारायचं. जागेवाला म्हणजे ती जमीन ज्याची आहे तो. सातबाऱ्यावरचा नव्हे, त्याच्याही आधीचा. तुझे आजोबा रविवारी पहिल्या बाकावर बसणारे, पण विहिरीच्या वेळेला लहानू वारल्याला बोलवून त्याच्या हाताने नारळ ठेवला. आम्ही आलोय, पोटापाण्याला आलोय, राहू द्या, एवढंच म्हणायचं. आणि जागेला तिच्या जुन्या नावाने हाक मारायची. पाटीवरचं नाव चालत नाही. हे फादरांना सांगायचं नाही असं सगळ्यांना माहीत असायचं, फादरांनासुद्धा. मुसफ्फाला आले तेव्हाही डॅडींनी खालच्या बकाल्यात, वाण्याच्या दुकानात, बसणाऱ्या एका म्हाताऱ्या अरबाला विचारलं होतं, याच्या आधी या जागेला काय म्हणायचे? तो हसला. "हबीबी, याच्या आधी इथे वाळू होती. वाळूला विचार." डॅडींनी वाळूला विचारलं.

तर त्यांना तुझ्यासाठी पाणी ओतायचंय. त्यासाठी नाव पक्कं पाहिजे. आणि नाव शोधायला गेले की तुझा रणगाडा बाहेर येणार.

तुझा मेसेज मिळाला. कोर्स संपल्यावर परेड आहे, आम्ही दोघांनी यावं, आणि त्याआधी मी डॅडींना सांगितलं नाही तर तू स्वतः फोन करून सांगणार. वाचलं. सांगते, इन्शाल्ला. इथल्या इन्शाल्लाचा अर्थ तुला ठाऊक आहे, तेव्हा हसू नकोस.

अरे, कसं सांगू? ज्या माणसाने कुवेत बघितलंय त्याला? नॅशनल डेला डोक्यावरून विमानं गेली की हे बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसतात. टेसाने लहानपणी चित्रात शिपाई काढला तर तो कागद दुमडून खिशात ठेवला, परत दिला नाही. नव्वद साली तेवीस वर्षांचे होते, हॉटेलात स्टुअर्ड. सैन्य शिरलं, मग बगदाद, अम्मान करत विमानाने मुंबईला आले, एवढंच आपल्याला माहीत. मधलं काही मलाही सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलाने स्वतःच्या पायाने जाऊन तो युनिफॉर्म चढवला, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

पेशंट आला. मोजे कोरडे घाल. ट्रकच्या टेस्टसाठी मी रोज प्रार्थना करते. कशी ते विचारू नकोस.

तुझी,
ममा


मुसफ्फा
१० ऑक्टोबर २०२५

प्रिय ज्युड,

आशीर्वाद. बाकी सगळं ठीक नाही, त्यामुळे ते लिहीत नाही.

तुझा मेसेज अगदी वेळेवर आला म्हणायचा! मी तुला विचारलं होतं की बाबा रे, त्या नावाचा एक काहीतरी अर्थ सांग, तो मी डॅडींना सांगते आणि विषय संपवते. तू चार पाठवलेस. एक सार्जंट म्हणतो वाऱ्यांची दरी. दुसरा म्हणतो हद्दपारीची जागा. कोणी म्हणतो गरुडाचा मृत्यू, कोणी म्हणतो बाहेरचे रानटी लोक. आणि वर लिहितोस, "नोबडी रिअली नोज, ममा. मेबी इट्स जस्ट द हिल." आता यातलं मी काय निवडू? हद्दपारी सांगू? मरण सांगू? मी वाऱ्यांची दरी सांगितलं. छान वाटतं, हवेशीर.

डॅडी म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"ज्युडने."

"ज्युडला कोणी सांगितलं?"

"ऑफिसातल्या माणसाने."

"तो त्या लोकांपैकी आहे का?" मी म्हटलं, मला काय माहीत! "मग त्याचं धरता येत नाही. गावाबाहेरचा माणूस गावाच्या नावाचा अर्थ सांगतो तेव्हा तो स्वतःच्या मनातलं सांगतो. कंटाळलेला असेल तर म्हणेल हद्दपारी."

तुला सांगते, हद्दपारी हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. म्हटलं, आला असेल तोंडात सहज. चोराच्या मनात चांदणं.

त्या रविवारी मी वायफायचा बॉक्स बंद केला आणि एतिसलातचं नेट गेलंय म्हणून सांगितलं. डॅडींनी खिशातून फोन काढला, त्यात डेटा होता. मी स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. त्यांनी मला विचारलं, "डोकं दुखतंय?" आणि बाम आणून दिला.

मग परवा जहूर क्लिनिकमध्ये आला. बसच्या दारात बोट चेमटलेलं. मी त्याचं कार्ड घेत होते, तर म्हणतो, "भाभी, आपका बेटा तो बड़ी जगह है. साहब ने फोटो दिखाया. उधर टैंक-वैंक बहुत है, फ़ौज की जगह है ना?"

ज्युड, माझ्या हातून स्टेपलर पडला. मी म्हटलं, साहेब काय म्हणाले? "कुछ नहीं. बोले, ये पहाड़ देख, इसका नाम है. टैंक को उँगली से छुपा के पहाड़ दिखाया."

बोटाने रणगाडा झाकला! याचा अर्थ काय लावू मी? त्यांना फोटो दिसला, पण कळलं नाही? की कळलं आणि बोलत नाहीत? रोज संध्याकाळी येतात, चहा पितात, ज्युडचा फोन आला का विचारतात, आणि मी म्हणते कंपनीत काम फार आहे. म्हणतात, बरं. हे "बरं" आता मला खायला उठतं. रात्री कूस बदलली तरी मला वाटतं, आता विचारणार. काल भातात मीठ दोनदा घातलं. गुपचूप जेवले.

नौशीन म्हणते, "दीदी, बोल दो ना, क्या होगा?" तिला काय जातं बोलायला!

तू अजून फोन करू नकोस. मला थोडा वेळ दे. तुझ्या सणाच्या आधी नऊ दिवसांची नोव्हेना धरणार आहे, संत ज्युडची. अशक्य गोष्टी तोच करतो. ती संपली की सांगते. या वेळी इन्शाल्ला म्हणत नाही, सांगते म्हणते.

आणखी एक. तू लिहिलंस की कपूकाला परेडच्या आधी एका अधिकाऱ्याने माइकवर कागद वाचला, या जमिनीच्या मूळ मालकांना आम्ही मान देतो, असं. पकापुन्यलच्या त्या लोकांचं नावही तू पाठवलंस, ताउंगुरुंग. तू म्हणतोस, "इट्स जस्ट अ स्क्रिप्ट, ममा, एव्हरीवन वॉज लुकिंग ॲट देअर बूट्स." हे मी कंपनीची मीटिंग म्हणून डॅडींना सांगितलं. मला वाटलं खूश होतील, तिकडेही जागेवाल्याला विचारतात म्हणून. ते म्हणाले, "वाचून दाखवणं वेगळं आणि विचारणं वेगळं. विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं."

तुझी,
ममा


मुसफ्फा
२८ ऑक्टोबर २०२५, संत ज्युडचा सण

माझ्या ज्युडराजा,

सणाचा आशीर्वाद. तुझ्या नावाने सकाळी मेणबत्ती लावली. या वेळी घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. लपवायचं काही उरलं नाही.

रविवारी मिस्साहून आलो. मी मासे तळायला घेतले, डॅडी बाल्कनीत होते. ऊन उतरलं होतं, आता हवा जरा बरी झालीय. मी विचारायला गेले, सोलकढी करू का, तर हे गुडघ्यावर बसलेले. ओव्याच्या कुंडीपुढे. हातात स्टीलचा पेला. कुंडीत पाणी ओतत होते आणि आपल्या वसईच्या कादोडी बोलीत बोलत होते. कादोडी ते माझ्याशीही बोलत नाहीत, फक्त त्यांच्या आईशी बोलायचे. पकापुन्यल हा शब्द तेवढा स्पष्ट ऐकू आला. मग म्हणाले, आमचा पोरगा तुमच्याकडे आलाय, शिपाई होऊन आलाय, त्याला राहू द्या.

शिपाई.

मी दारात तशीच. किचनमध्ये मासा करपला, त्याचा वास आला तेव्हा डॅडींनी मागे बघितलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"तू नाव सांगितलंस त्याच दिवशी. टाकलं की पहिला फोटो रणगाड्याचा येतो, ब्रिजिट. मी काय आंधळा आहे?"

मला इतका राग आला, तुला सांगते! एवढे दिवस मी इथे तीळ तीळ तुटतेय, वायफाय बंद करतेय, खोट्यावर खोटं रचतेय, आणि हा माणूस मला बाम आणून देतो! मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस? माझी गंमत बघत होतास?"

म्हणाले, "तू सांगायची वाट बघत होतो. तू सांगेनास. मग मला वाटलं, हिला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. मला कळलंय असं हिला कळलं तर हिला भीती ठेवायला जागा राहणार नाही. म्हणून म्हटलं, राहू दे."

मी तिथेच खाली बसले. करपलेल्या माशाचा गॅस त्यांनीच जाऊन बंद केला.

मग कुवेतचं सांगितलं. पस्तीस वर्षांनी. मी जसं ऐकलं तसं लिहिते, कारण ते म्हणाले ज्युडला लिही.

सैन्य आलं तेव्हा तिथल्या लोकांनी रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या, घरांचे नंबरसुद्धा खरवडले. शिपायांना कोण कुठे राहतो ते सापडू नये म्हणून. अख्खं शहर बिननावाचं झालं. एक दिवस डॅडी हॉटेलच्या मागच्या गल्लीतून पाण्याचा कॅन घेऊन येत होते, तर एक शिपाई एकटाच भेटला. त्यांच्याहूनही लहान, मिसरूडही न फुटलेला. त्याची माणसं पुढे गेली होती, हा चुकला होता. त्याने विचारलं, ही जागा कुठली? डॅडींना माहीत होतं. पण त्यांनी मान हलवली, मालूम नहीं. त्याने पुन्हा विचारलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, म्हणे. तिसऱ्यांदा विचारलं आणि उत्तर नाही म्हटल्यावर बंदुकीचा दस्ता घातला खांद्यावर. तुला माहीत आहे ना तो डाव्या खांद्यावरचा खड्डा? नारळावरून पडलो म्हणून सांगितलं होतं आपल्याला. मी तीस वर्षं त्या खड्ड्याला तेल चोळतेय.

"मारलं त्याचं काही नाही," डॅडी म्हणाले. "त्याला मारायचं नव्हतं. पण आपण कुठे उभे आहोत हे ज्याला माहीत नाही तो शिपाई कोणालाही मारतो. मला बंदुकीची भीती नाही वाटत, ब्रिजिट. मला त्याची वाटते."

म्हणून हे नावाच्या मागे लागले होते. पाण्यासाठी तर होतंच, पण त्याहून जास्त तुझ्यासाठी. ज्या जमिनीवरून तू ट्रक चालवतोस तिचं नाव कोणी ठेवलं, ते लोक कुठे गेले, आज कुठे आहेत, हे तुला माहीत असलं पाहिजे. त्यांनी इंटरनेटवर ते चारही अर्थ वाचलेत. म्हणाले, चारही शिपायांनी आणि साहेबांनी सांगितलेले वाटतात, ज्यांचं नाव आहे त्यांनी सांगितलेला एकही नाही. त्यांनी निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहिते: अर्थ पुस्तकातून नको आणि सार्जंटकडून नको. ताउंगुरुंग लोक अजून आहेत, त्यांचं ऑफिसही आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत जा. विचार की, मी तुमच्या जागेवर राहतो, तिला हे नाव का? त्यांनी सांगितलं तर ऐक. नाही सांगितलं तरी चालेल, मीही त्या पोराला सांगितलं नव्हतं. पण विचार.

आता माझं.

डॅडींचं सगळं सांगून झालं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे सांगायला काय होतं? मी इतके दिवस तुला लिहीत होते, डॅडींना सहन होणार नाही, डॅडींना धक्का बसेल. बिचाऱ्या डॅडींच्या आड लपले होते मी. घाबरलेली मी आहे. पहिल्या दिवसापासून. तू फोनवर म्हणालास, "ममा, आय जॉइन्ड," तेव्हा मी म्हटलं, छान, डॅडींना सांगू नकोस. त्यांना सांगितलं तर ते खरं होईल, असं वाटलं मला.

आणि ती नोव्हेना. ज्युड, मी ती तू पास व्हावास म्हणून धरली नव्हती. नापास व्हावास म्हणून धरली होती. ट्रकच्या टेस्टमध्ये त्याला नापास करा, त्याला परत पाठवा, हवं तर पाय मोडू द्या, छोटासा, पण परत पाठवा. तुझ्याच नावाच्या संतापुढे, तुझ्याच विरुद्ध, रोज गुडघे टेकून. आठ दिवस केली. कुठली आई असं मागते? मी मागितलं. लाज वाटते, पण खोटं नाही सांगत, अजूनही थोडं मागावंसं वाटतं.

हे मी डॅडींनाही सांगितलं. मला वाटलं रागावतील. हसले रे! बऱ्याच दिवसांनी इतके हसले. "छोटासा पाय मोडू द्या?" म्हणाले, "संताला एवढ्या मापात सांगतात का कुणी?" मीही हसले आणि मग रडले. माशाची कढई अजून तशीच सिंकमध्ये पडलीय.

काल नववा दिवस होता. मी मूर्तीसमोर बसले, पण मागायला काही सुचेना. नापास कर म्हणवेना आणि पास कर असं तोंडातून निघेना. उठले, पेल्यात पाणी घेतलं आणि बाल्कनीत गेले. माझ्या माहेरी हे असलं काही नव्हतं, मला शब्दही येत नाहीत. मी आपलं साध्या मराठीत म्हटलं, पकापुन्यल, माझा मुलगा न विचारता आलाय तुमच्याकडे. त्याच्या वतीने मी विचारतेय. आणि थांबले. डॅडी म्हणतात ना, उत्तर येईपर्यंत थांबायचं, म्हणून थांबले. खालून बस गेली, कोणाचा तरी एसी गळत होता, समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. उत्तर काही आलं नाही. नाही असंही आलं नाही.

तर आम्ही येतोय. व्हिसाचे कागद टेसा भरतेय, "फायनली!" म्हणाली. डॅडींनी कंपनीत सुट्टी मागितली आणि अर्जात सरळ लिहिलं, मुलाची मिलिटरी परेड. मग यार्डभर सांगत फिरले. जहूर म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था." सुकेळी मात्र आणता येणार नाहीत, तुमच्याकडे फळ-बीळ एअरपोर्टवरच काढून घेतात म्हणे. वसईची माती पाठवायला सांगू का म्हणून मी विचारलं, तर डॅडी म्हणाले, दुसऱ्याच्या घरी जाताना आपली माती नेत नाहीत.

परेडला मी टाळ्या वाजवीन की नाही माहीत नाही. तू बूट आपटत समोरून जाशील आणि मला तुझे ओले मोजे दिसतील. रडले तर बाकीच्या आयांना सांग, माझी आई अशीच आहे, गल्फमधून आलीय. पण मी तिथे उभी असेन. तू जिथे उभा आहेस तिथेच.

भीत भीत, पण येणारी,
तुझी ममा

ता. क. खाली डॅडींनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. मला वाचू दिलं नाही, पाकीट बंद करताना वाचलं.

ज्युड, विचारलंस का? माझं राहून गेलं त्या पोराला सांगायचं. त्या गल्लीचं नाव मला अजून पाठ आहे. — डॅडी